आईचा ताप आणि बाळाचे दूध

आपल्या शाळेत विज्ञानाच्या तासाला प्रश्नपेटी ठेवण्याची पद्धत आहे. ज्याला उभे राहून विचारायला संकोच वाटतो, त्याने चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीची चिठ्ठी आली. तिने लिहिले होते, "बाई, आमच्या वहिनीला दोन दिवस ताप आणि खोकला आहे. बाळ दीड महिन्याचे आहे. आजी म्हणते, आईचा ताप दुधात उतरतो, म्हणून बाळाला अंगावर पाजू देत नाहीत. गाईचे दूध पाणी घालून देतात. वहिनी रडते. आजीचे बरोबर आहे का?"

चिठ्ठी वाचून आम्ही मुलीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. तिच्या घरच्यांशी बोललो आणि त्यांच्या भागातील आशाताईंना कळवले. डॉक्टरांनी वहिनींना तपासले. साधा विषाणूजन्य ताप होता. तोंडाला मास्क लावून त्याच दिवशी बाळाला पुन्हा अंगावर घेण्यास त्यांनी सांगितले. पण मधल्या दोन दिवसांत दूध साचून छाती दगडासारखी झाली होती आणि बाळाला जुलाब सुरू झाले होते. बाळ बरे झाले, पण पहिल्यासारखा पान्हा येण्यास आठवडा गेला.

या घरात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आजींना नातवाची काळजी होती, म्हणूनच त्यांनी तसे केले. असे प्रसंग उद्यमबागेतल्या वसाहतींत, खानापूर रस्त्याकडेच्या वाड्यांत, निपाणीकडच्या गावांत दर पावसाळ्यात घडत असणार. म्हणून या अंकात हा विषय पाठाच्या स्वरूपात मांडत आहोत. विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, या विषयाची लाज वाटून घेऊ नका. आपण सारेच कोणाच्या तरी दुधावर वाढलो आहोत.

विषाणू बाळापर्यंत कसा पोहोचतो?

सर्दी, फ्लू, कोविड यांचे विषाणू नाकात, घशात आणि फुफ्फुसांत वाढतात. माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा बारीक तुषार बाहेर पडतात आणि त्यांतून विषाणू पसरतो. दुसरा मार्ग हातांचा. नाक पुसलेला हात बाळाच्या तोंडाला किंवा डोळ्यांना लागला की काम झाले.

दुधाचा मार्ग मात्र या आजारांत जवळजवळ नाहीच. ताप म्हणजे शरीराचे वाढलेले तापमान. ते दुधात उतरत नाही आणि त्याने दूध बाधक होत नाही.

उलट एक वेगळीच गोष्ट घडते. आईच्या शरीरात विषाणू शिरला की तिचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. ही प्रतिपिंडे दुधातून बाळाच्या तोंडात, घशात आणि आतड्यात पोहोचतात. बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते. म्हणजे घरात जो आजार आला आहे, नेमक्या त्याच आजारावरचे औषध आईचे शरीर दुधात घालून देत असते. दूध बंद केले की हे संरक्षण नको त्या वेळी थांबते.

आणखी एक मुद्दा. फ्लूचा रुग्ण ताप येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून, तर कोविडचा रुग्ण सुमारे दोन दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो. आईला ताप चढला हे कळते, तोवर बाळ तिच्या कुशीत अनेकदा झोपलेले असते. त्यामुळे ताप आल्यावर दूध तोडून फारसे काही वाचत नाही, पण बाळाचे नुकसान मात्र निश्चित होते.

पुण्याचा अनुभव, मग कोविडचा

२००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला नोंदलेला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर पुण्यातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. पुण्यात नातेवाईक असलेल्या आपल्या अनेक पालकांना ते दिवस आठवत असतील.

त्या वेळी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसूतीच्या वेळी आजारी असलेल्या मातेला बाळापासून थोडे दिवस वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला होता. पण तेव्हाही आईचे दूध थांबवायला सांगितले नव्हते. दूध काढून निरोगी व्यक्तीने पाजावे, असेच सांगितले होते. आई दूर असली तरी दूध दूर नको, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सुरुवातीला चीनमधील तज्ज्ञांनी बाधित मातेपासून बाळाला चौदा दिवस वेगळे ठेवावे असे सुचवले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही एप्रिल २०२० मध्ये तात्पुरते वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र पहिल्यापासून आई व बाळ एकत्र ठेवावेत आणि आईने मास्क लावून, हात धुऊन पाजावे, अशी भूमिका घेतली.

कोणाचे बरोबर होते, हे पुढे अनुभवाने ठरले. न्यूयॉर्कमधील रुग्णालयांत ११६ बाधित मातांची १२० बाळे पाहण्यात आली. बाळे आईच्याच खोलीत ठेवली होती. पाजताना आई मास्क लावत होती, हात आणि छाती स्वच्छ करत होती. जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत एकही बाळ बाधित निघाले नाही. पाच ते सात दिवसांनी ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांतही कोणी बाधित निघाले नाही. हा अभ्यास जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत १८ बाधित मातांच्या दुधाचे ६४ नमुने तपासले गेले. एका नमुन्यात विषाणूच्या जनुकीय अंशाची खूण मिळाली, पण रोग पसरवू शकेल असा जिवंत विषाणू एकाही नमुन्यात मिळाला नाही. जुलै २०२० मध्येच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी आपला सल्ला बदलला. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही बाधित मातांनी काळजी घेऊन स्तनपान चालू ठेवावे असेच सांगितले.

मुंबईच्या नायर रुग्णालयात साथीच्या पहिल्या साधारण वर्षभरात सुमारे एक हजार कोविडबाधित मातांची प्रसूती झाली. एवढ्या माता, एवढी बाळे, आणि प्रत्येक खाटेपाशी हाच प्रश्न: बाळाला आईजवळ द्यायचे की नाही? भीतीच्या काळात घाईने उत्तर देण्यापेक्षा तपासून उत्तर देणे किती महत्त्वाचे असते, हे विद्यार्थ्यांनी यातून शिकावे. विज्ञान चुकत नाही असे नाही. चूक दिसली की ते बदलते, हे त्याचे मोठेपण.

दूध तोडल्याने काय बिघडते?

जगभरात सर्व बाळांना योग्य प्रकारे स्तनपान मिळाले तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये दिला. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना केवळ आईचे दूध मिळत होते. म्हणजे शंभरातील छत्तीस बाळांना पाणी, वरचे दूध किंवा आणखी काही दिले जात होते.

वरच्या दुधाबरोबर पाणी येते, भांडे येते, बाटली येते. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ झाले की त्याच वाटेने जुलाब येतात. दूध पातळ केले तर बाळाचे पोट भरल्यासारखे वाटते, पण वजन वाढत नाही.

आईचेही नुकसान होते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. दोन दिवस ओढले नाही तर दूध साचते, गाठी होतात, कधी गळू होते, आणि हळूहळू पान्हाच कमी होतो. तापाने आधीच गळालेल्या बाळंतिणीला हा दुसरा त्रास कशाला?

ताप असताना कसे पाजावे?

आता मुख्य भाग. माता-पालकांनी हा भाग कापून घरी ठेवावा.

१. पाजण्यापूर्वी आणि बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत. बिड्या वळणाऱ्या भगिनींनी तर आजार नसतानाही हे करावे, कारण तंबाखूची भुकटी बोटांना चिकटलेली असते.

२. आईने नाक व तोंड झाकणारा स्वच्छ मास्क लावावा. मास्क नसेल तर स्वच्छ, दुपदरी सुती कापड बांधावे. ओले झाले की बदलावे. बाळाला मात्र कधीही मास्क लावू नये, त्याचा श्वास कोंडेल.

३. दर वेळी छाती धुण्याची गरज नाही. उघड्या छातीवर खोकला किंवा शिंक आली असेल तर साबण-पाण्याने धुऊन मग पाजावे. स्पिरिट किंवा सॅनिटायझर छातीला लावू नये.

४. पाजून झाल्यावर बाळाला शक्य तर थोड्या अंतरावर, दुसऱ्या अंथरुणावर झोपवावे. दोन खोल्यांच्या घरात सहा फूट अंतर मिळेलच असे नाही. निदान आईचे तोंड बाळाच्या तोंडासमोर येऊ देऊ नये. मुके घेणे काही दिवस थांबवावे.

५. बाळंतिणीची खोली बंद ठेवू नये. आपल्याकडे गार वारा लागेल म्हणून खिडक्या लावून घेतात आणि शेगडीवर ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी देतात. बाळाला ऊब हवी हे आजींचे म्हणणे खरेच आहे. पण ऊब टोपडे, दुपटे आणि आईच्या कुशीने द्यावी. बंद खोलीत विषाणू साचतो आणि धुराने बाळाचा श्वास कोंडतो. अंथरूण वाऱ्याच्या झोतात नसेल असे ठेवून खिडकी उघडी ठेवावी.

६. आईने भरपूर पाणी, पेज, वरण-भात, फळे घ्यावीत. तापावर पॅरासिटामॉल स्तनपान चालू असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. फ्लूवरचे ओसेल्टामिवीर हे औषध चालू असतानाही पाजता येते. अ‍ॅस्पिरीन किंवा दुकानातून मागून आणलेली खोकल्याची औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. औषध लिहून घेताना "मी बाळाला पाजते" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

७. आई फार थकली असेल किंवा तिला रुग्णालयात वेगळे ठेवले असेल तर दूध हाताने काढावे. दर दोन ते तीन तासांनी, रात्रीही. उकळून घेतलेल्या भांड्यात काढून निरोगी व्यक्तीने स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. बाटली टाळावी. काढलेले दूध थंड जागी, झाकून साधारण ४ तास, तर फ्रीजमध्ये २४ तास ठेवता येते. ते उकळू नये, भांडे कोमट पाण्यात ठेवून पाजावे.

८. हे नियम एकट्या आईला नाहीत. उद्यमबागेतल्या फौंड्रीतून किंवा मशीनशॉपमधून पाळी संपवून येणाऱ्या बाबांनीही आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. बारशाला आणि बाळ पाहायला येणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या पाहुण्यांना नम्रपणे थांबवावे. आजारी आईपेक्षा पाहुण्यांचीच संख्या जास्त असते!

सगळे विषाणू सारखे नसतात

येथे सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. वरील नियम सर्दी, फ्लू, कोविडसारख्या श्वासाच्या आजारांसाठी आहेत.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे डासांमुळे पसरतात. चिकुनगुन्याने २००६ मध्ये उत्तर कर्नाटक आणि महाराष्ट्रात घरोघरी माणसे आडवी केली होती. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. या आजारांतही स्तनपान चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. येथे मास्कपेक्षा मच्छरदाणी महत्त्वाची.

आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन द्यावे लागते. ते दिले की आई पाजू शकते.

प्रसूतीच्या आसपासच्या दिवसांत आईला कांजिण्या आल्या तर नवजात बाळाला धोका मोठा असतो. अशा वेळी काही दिवस वेगळे ठेवून काढलेले दूध देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. स्तनावर नागीण किंवा हर्पीसचे फोड असतील तर त्या बाजूने पाजू नये.

एचआयव्हीचा विषाणू मात्र दुधातून जाऊ शकतो. म्हणून गरोदरपणातील रक्ततपासणी कोणीही टाळू नये. या प्रश्नावरही आपल्या जवळच, पुण्यात, काम झाले आहे. भारत, इथिओपिया आणि युगांडा या तीन देशांत मिळून झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील भारताचा भाग पुण्यात झाला होता. जन्मल्यावर एकच मात्रा देण्याऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापीन दिल्यास सहा आठवड्यांच्या वयापर्यंतची लागण सुमारे निम्म्यावर येते, असे त्यात दिसले. आज आपल्या देशात बाधित मातेला कायमचे उपचार आणि बाळाला औषध दिले जाते. उपचार नियमित असतील तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध देता येते. थोडे अंगावरचे, थोडे वरचे असे मिश्रण टाळायला सांगतात. हा निर्णय शेजारणीच्या सांगण्यावरून नव्हे, सरकारी उपचार केंद्रातील डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आईचे दूध मिळूच शकत नसेल तर दुसऱ्या मातेचे तपासलेले दूध, हाही मार्ग आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. दात्या मातेचीही तपासणी होते. शेजारणीने तपासणीशिवाय पाजणे आणि हे, यांत फरक आहे.

केव्हा धावायचे?

दोन महिन्यांखालील बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा शांत असताना मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यावे. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा. आईला धाप लागली किंवा ताप उतरेना झाला तर तिलाही न्यावे. बाळाची काळजी घेताना आईकडे दुर्लक्ष होते, असे आम्ही अनेकदा पाहतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. तायी कार्डावरचा आणि रुग्णालयातून घरी पाठवतानाच्या कागदांवरचा मजकूर बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. माहेरहून आलेल्या मराठी सुनेला तो वाचता येत नाही आणि विचारायला ती बुजते. आपल्या शाळेतील मुला-मुलींना तिन्ही भाषा येतात. मुलांनो, घरात असा कागद आला तर तो वहिनीला, मामीला मोठ्याने वाचून मराठीत सांगा. तीन भाषा शिकण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. तळहाताला थोडी रांगोळीची भुकटी लावा आणि दहा मिनिटे नेहमीसारखे वावरा. मग दप्तर, नाक, केस, मित्राची बाही कुठे कुठे पांढरी झाली ते पाहा. विषाणूही असाच फिरतो.

२. घड्याळ लावून स्वतःचे एका मिनिटातील श्वास मोजा. घरात तान्हे बाळ असेल तर ते झोपलेले असताना मोठ्यांच्या देखत त्याचेही मोजा. फरक वहीत लिहा.

३. आजीला विचारा, बाळंतिणीला ताप आला तर पूर्वी काय करत? उत्तर लिहून आणा. चूक-बरोबर आपण वर्गात पाहू, पण आजीला उलट बोलू नका.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. पालकसभेला तान्ही बाळे घेऊन येणाऱ्या मातांना पाजायला आडोसा नसतो. एक खोली, एक खुर्ची, हात धुण्यास पाणी आणि साबण एवढी सोय करता आली तर बरे होईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जगभर स्तनपान सप्ताह असतो. त्या निमित्ताने आशाताई आणि डॉक्टरांना बोलावून मातांची व आजींची एकत्र बैठक घ्यावी, असेही सुचवावेसे वाटते. आजींना वगळून हे काम होणार नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीने नंतर सांगितले की आता आजीच सुनेला पाजण्याआधी मास्क आणून देतात. प्रश्न विचारण्याचे धैर्य तिने दाखवले, म्हणून एका घरातले दूध तुटता तुटता वाचले. प्रश्नपेटी उघडीच आहे.